पांढऱ्या पाटीची गाडी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

रोही आडवा आला!

अक्षर वाकडं येतंय. मालेगावहून परत येत होतो. मेडशीचं घर सहा-सात किलोमीटर राहिलं असेल. दिवस नुकताच बुडाला होता. गाडीत नेहमीच्या पाचही जणी. पुढे माझ्या बाजूला ललिताबाई, त्या मालेगावच्या दवाखान्यात नर्स आहेत. कोण्या पेशंटची गंमत सांगत होत्या, मागच्या चौघी हसत होत्या. आणि डावीकडच्या तुरीतून एकदम ते नीलगाईचं धूड! ब्रेक दाबला, पण धडकलाच. आवाज असा, की वाटलं पत्रा नाही, आपणच फाटलो. रोही पडला, उठला, लंगडत पलीकडच्या वावरात गेला. आम्ही सहाही जणी तशाच बसून.

ललिताबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कोणाला काही नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडे झाडी. तिथं कुठं थांबता बायांना घेऊन? गाडी चालू झाली, म्हणून हळूहळू पुढे आणली. दोन किलोमीटर आली असेल. मग बोनेटमधून पांढरी वाफ, सुई लाल रेघेच्या पार. ललिताबाई ओरडल्या, "रूपाली, बंद कर व! पेटन आता!"

पवनभाऊजींना फोन केला. माझ्या नवऱ्याचे, हरीओमचे, चुलतभाऊ. मेडशी-मालेगाव जीप चालवतात, पिवळ्या नंबरपाटीची, भाड्याची. वीस मिनिटांत साखळी घेऊन आले. पाची जणींना जीपमध्ये बसवलं, माझी गाडी मागे टोचन केली, घरापर्यंत आणून सोडली. म्हणाले, "वहिनी, गाडी काय, होते दुरुस्त. तुमाले लागलं नाई ना?"

सासूबाई दारातच. गाडीचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं समाधान?"


३ डिसेंबर

सकाळीच रुचिकाला फोन. ती नसती तर मी काय केलं असतं! म्हणाली, "अगं वेडे, रडते कायले? विमा कायसाठी काढला आपण? झिरो डेप आहे तुझं. वरून एक्स्टेंडेड वॉरंटी. दोन्हीकडून बांधून ठेवलंय तुला मी."

रुचिका कारंज्याला डी.एड.ला माझी खोलीतली सोबतीण. दोन वर्षं एका ताटात जेवलो. शिक्षकाची भरती काही निघाली नाही. ती वाशीमच्या शोरूममध्ये विम्याच्या टेबलावर लागली, मी मेडशीत येऊन पडले. तीन वर्षांपूर्वी तीच म्हणाली होती, "तुले गाडी येते ना? मग घे गाडी. बायांना ने-आण कर. एसटीत नाई तं जीपमध्ये लोंबकळत जातात बिचाऱ्या."

गाडी शोरूमला नेऊन टाकली. क्लेमचा फॉर्म रुचिकानंच भरला. 'अपघातसमयी गाडीत कोण?' तिथं तिनं लिहिलं — मैत्रिणी. 'प्रवासाचा हेतू?' — घरगुती.

मी पाहिलं. सही केली.


४ डिसेंबर

पाची जणी आज पवनभाऊजींच्या जीपमध्ये गेल्या. खिडकीतून दिसल्या. ललिताबाईंनी हात हलवला.


७ डिसेंबर

शोरूममध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. शांत माणूस, चष्मा दोरीला बांधलेला. बंपर, बोनेट, दिवे, रेडिएटर, सगळं लिहून घेतलं. मग इंजिनापाशी गेला आणि त्यानं विचारलं, "धडक झाल्यावर गाडी चालवली का?"

खरं ते सांगितलं. दोन किलोमीटर.

म्हणाला, "मग इंजिन नाही बसणार ताई. धडकेनं रेडिएटर फुटला, ते आमचं. पाणी नसताना तुम्ही चालवली, तापून इंजिनाचं हेड गेलं, ते धडकेचं नुकसान नाही. नंतरचं आहे. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर असतं. ते तुम्ही घेतलेलं नाही."

मी रुचिकाकडे पाहिलं. ती म्हणाली, "असू दे, इंजिन वॉरंटीत करू."

वॉरंटीचा माणूस त्याच हॉलमध्ये, दहा पावलांवर. तो म्हणाला, "मॅडम, वॉरंटी म्हणजे कंपनीच्या बनावटीत खोट असली तर. रोह्यानं मारलेलं कंपनी कसं भरून देईल?"

एक म्हणतो माझं नाही, त्याच्याकडे जा. दुसरा म्हणतो माझं नाही, त्याच्याकडे जा. मधल्या दहा पावलांत माझं इंजिन!

जंगलात पाच बाया घेऊन उभी राहिले असते तर इंजिन वाचलं असतं. हे मला कोणी सांगितलं होतं? गाडी दिली त्या दिवशी पेढा दिला, चावीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन फोटो काढला. 'पाणी सांडलं की बंद कर' एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं?


११ डिसेंबर

पॉलिसी काढून बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा! पहिलं पान सोडलं तर सगळं बारीक इंग्रजी. मोबाइलवर एकेक वाक्य मराठी करत गेले. दुपार गेली.

आता कळतंय ते असं. थर्ड पार्टी म्हणजे माझ्या गाडीनं दुसऱ्याचं काही झालं तर. ते सक्तीचं. माझ्या गाडीचं झालं तर ते वेगळं, 'ओन डॅमेज'. झिरो डेप म्हणजे जुन्या पार्टचा घसारा कापत नाहीत, एवढंच. मी समजत होते झिरो डेप म्हणजे सगळंच फुकट! आणि रुचिकाही तसंच म्हणायची, "बंपर टू बंपर." दोन बंपरच्या मधे इंजिन येतं, असं मला आपलं वाटायचं.

मग चौथ्या पानावर एक चौकट. 'वापराच्या मर्यादा.' तीन वेळा वाचलं. भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी गाडी वापरली तर ही पॉलिसी लागू नाही.

भाड्यानं. म्हणजे ललिताबाई. म्हणजे पाची जणी, दर महिन्याला.

ही चौकट तिथं तीन वर्षं होती.


१२ डिसेंबर

रुचिकाला विचारलं. हसली. "ते सगळ्यांच्याच पॉलिसीत असते व. कोनी पाहत नाई."


१७ डिसेंबर

कोणी पाहत नाही म्हणे! आज तिचाच फोन. आवाज बदललेला. क्लेम मोठा आहे, गाडीत सहा बाया होत्या, म्हणून कंपनीनं चौकशीवाला नेमला. तो गेल्या आठवड्यात मेडशीत येऊन गेलासुद्धा! मी वाशीमला शोरूममध्ये चकरा मारत होते, तेव्हा.

"कोणाला भेटला?"

"मले काय माहीत. तुह्या गावात कोन कसं आहे ते तुले माहीत."

फोन ठेवताना म्हणाली, "आणि हे पाय रूपाली, मी काही सांगितलं होतं असं कोठी बोलू नको बरं."


१८ डिसेंबर

काय सांगितलं होतं तिनं, ते इथं तरी लिहून ठेवते. शब्द न् शब्द आठवतो. गाडी घेतली त्या दिवशी मीच विचारलं होतं, बायांना पैसे घेऊन नेणार तर पिवळी पाटी लागेल ना? ती म्हणाली होती, "पिवळ्या पाटीच्या नादी लागू नको. परमिट, फिटनेस, दरसाल आरटीओ. विमाही महाग. पांढरी घे, घरची गाडी दाखव. मी आहे ना इथं बसलेली."

मी आहे ना इथं बसलेली!


२६ डिसेंबर

पत्र आलं. क्लेम नामंजूर. इंजिनच नाही, सगळाच. बंपरही नाही, दिवेही नाहीत.

'चौकशीत असे आढळून आले की सदर वाहन दररोज सकाळी साडेसात वाजता मेडशी येथून पाच महिलांना मासिक भाडे घेऊन मालेगाव येथे नेत असे व सायंकाळी परत आणत असे.'

साडेसात. पाच. मासिक. हे रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला माहीत नसतं. ज्याला माहीत होतं, त्यानं बसून, नीट, सगळं सांगितलं.

हरीओम दालमिलमधून आला. पत्र वाचलं, घडी घातली, म्हणाला, "जाऊ दे."

काय जाऊ दे? कुठं जाऊ दे?


२८ डिसेंबर

वाशीमला गेले. एसटीनं. किती दिवसांनी एसटीत बसले!

रुचिकाच्या टेबलासमोर दोन गिऱ्हाइकं होती. नवरा-बायको, नवी गाडी घेणारे. ती त्यांना सांगत होती, "काही टेन्शन घेऊ नका, बंपर टू बंपर." मी बाजूला उभी. ते गेल्यावर बसले.

म्हटलं, "रुचिका, तूच म्हटलं होतं पांढरी घे."

ती इकडेतिकडे पाहून म्हणाली, "हळू बोल. सर बसून राह्यले."

"तूच फॉर्मवर 'मैत्रिणी' लिहिलं."

"आणि सही कोणाची आहे?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती, स्टेपलरमध्ये पिना भरत होती. शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, "ग्राहकाने जो वापर सांगितला, तो आम्ही लिहितो. तू घरगुती सांगितलंस. मी कशी ओळखणार?"

ग्राहक! तापानं फणफणली होती तेव्हा पंधरा दिवस हिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या मी. पेपरला हात धरून नेलं. ग्राहक!

उठताना तिनं नव्या वर्षाची डायरी पुढे केली. कंपनीची. पहिल्या पानावर सोनेरी अक्षरात, 'प्रत्येक वळणावर आपल्यासोबत'. टेबलावरच ठेवून आले. ही जुनी वही संपली नाही अजून.


३० डिसेंबर

साडेसात, पाच, मासिक. डोक्यातून जात नाही. कोणी सांगितलं?


३१ डिसेंबर

कळलं!

स्टँडवरच्या चहावाल्या खेमाला विचारलं. पंधरा-वीस दिवसांखाली कोणी बाहेरचा माणूस आला होता का, फाइल घेऊन? खेमा म्हणाला, "आलता ना. काया शर्टवाला. इथंच च्या पेला. मंग पवनच्या जीपात बसून मालेगावले गेला. पुढच्या शीटवर. गंज, मोप गोष्टी चालू व्हत्या दोघाच्या."

काळ्या शर्टचा चौकशीवाला आणि पवनभाऊजी!

तीन वर्षांखाली माझ्या गाडीनं त्यांच्या पाच सवाऱ्या गेल्या. आज त्या पाची परत त्यांच्या जीपमध्ये आहेत. आता दुसरं कोणाचं नाव घेऊ? आणि मी म्हणत होते, काय माणूस! एका फोनवर साखळी घेऊन आला, वर विचारतो, तुमाले लागलं नाई ना!


१ जानेवारी २०२५

बोलून आले. सगळ्यांसमोर.

जीप स्टँडवर भरत होती. ललिताबाई पुढे बसलेल्या. मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या पोटावर पाय देऊन भरली का जीप?"

ते खाली उतरले. "काय झालं वहिनी?"

"चौकशीवाल्याला पुढच्या शीटवर बसवून काय सांगितलं?"

"सवारी व्हती. बसली. उतरली. म्या काई नाई सांगतलं."

"साडेसातला निघते, पाच जणी नेते, महिन्याचे पैसे घेते! तुमच्याबिगर कोणाला ठाऊक होतं?"

त्यांचं तोंड लाल झालं. बाया खाली पाहत होत्या. त्यांनी दोनदा तेच म्हटलं, "वहिनी, म्या नाई सांगतलं." मग मी म्हणू नये ते म्हटलं. म्हटलं, "भाऊबंदकी करायची होती तर साखळी घेऊन यायचं नाटक कायले केलं? तिथंच मरू द्यायचं होतं."

ते जीपमध्ये चढले. जीप चालू केली. तीन सवाऱ्यांची जागा रिकामी असतानाच निघून गेले.

घरी आले तेव्हा छाती हलकी व्हायला हवी होती. नाही झाली.


२ जानेवारी

हरीओम माझ्याशी बोलत नाही. फक्त एवढं म्हणाला, "तो तसा नाई. लहानपनापासून पाहून राह्यलो मी त्याले."

म्हटलं, मग कोण? सांग!

तो चप्पल घालून मिलला निघून गेला.


९ जानेवारी

आठ दिवस घरात. सकाळी साडेसहाला आपोआप जाग येते. उठून बसते. मग आठवतं, कुठं जायचं नाही.

सासूबाईंनी गहू निवडायला पुढ्यात टाकले. "बस आता निवांत," म्हणाल्या. निवांत!


१४ जानेवारी

संक्रांत. पवनभाऊजींच्या घरून कोणी आलं नाही. दरवर्षी त्यांची बायको सगळ्यात आधी येते, तिळाच्या पोळ्या घेऊन. सासूबाईंनी दोनदा दारात जाऊन पाहिलं. मी काही बोलले नाही. ज्यानं केलं त्यानं लाजावं, मी का लाजू?


२० जानेवारी

ललिताबाई घरी आल्या होत्या. त्यांनीच सुचवलं होतं, कंपनीला फाइलच्या कागदांची प्रत माग. मागितली होती. आज आली. जाड पाकीट. दोघींनी मिळून वाचलं.

सर्व्हेअरचा रिपोर्ट. फोटो. चौकशीवाल्याचा रिपोर्ट. त्यात 'स्थानिक चौकशीतून' एवढंच, नाव नाही. आणि शेवटी एक पान. शोरूमच्या कागदावर. रुचिकाचं अक्षर! ते गोल 'श' मी कुठंही ओळखीन.

'ग्राहक श्रीमती रूपाली यांना वापराबाबत पूर्ण माहिती देण्यात आली होती. त्यांनी व्यावसायिक वापर हेतुपुरस्सर लपवला.'

तारीख १६ डिसेंबर. म्हणजे १७ तारखेला मला फोन करून 'कोठी बोलू नको' म्हणाली, त्याच्या आदल्या दिवशी हे लिहून दिलं होतं!

हेतुपुरस्सर. केवढा शब्द शोधला. तिला निबंधात मीच शब्द सांगायची.

ललिताबाई म्हणाल्या, "नोकरी वाचवली तिनं." खरं आहे. तिच्या जागी मी असते तर? नाही, मी नसतं लिहिलं. निदान आधी फोन करून रडले असते.


२१ जानेवारी

ललिताबाई काल जाताना एक बोलून गेल्या. ते आज दिवसभर टोचतंय. कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "रूपाली, त्या दिवशी हे टेंगूळ होतं. त्याच्या जागी डोकं फुटलं असतं तर माह्या लेकरायले तुह्या विम्यातून काय भेटलं असतं?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"तीन वर्षं आम्ही तुह्या गाडीत बसलो. आम्हाले वाटे विमा आहे."

रागानं नाही म्हणाल्या. म्हणूनच लागलं.

रुचिकानं मला फसवलं, हे खरं. पण या पाच जणींना कोणी फसवलं? मला त्या दिवशी शोरूममध्ये ठाऊक होतं, पिवळी पाटी लागते. मीच तर विचारलं होतं! उत्तर सोयीचं मिळालं, म्हणून पुन्हा विचारलं नाही. फॉर्मवर 'मैत्रिणी' वाचूनही सही केली. हे वहीतसुद्धा लिहायला दीड महिना लागला.


२३ जानेवारी

कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र. मराठीत लिहिलं. खोटं एकही वाक्य नाही. लिहिलं — होय, मी भाड्यानं नेत होते. मला पांढरी पाटी घ्यायला शोरूममधून सांगितलं गेलं. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण रोही भाडं बघून आडवा आला नाही. भाडं नसतं तरी धडक झालीच असती. तीन वर्षं हप्ता घेतला, तर काही भाग तरी विचारात घ्यावा.

हरीओमनं वाचलं. म्हणाला, "भाडं कबूल करून टाकलं?"

"हो."

त्यानं कागद पाकिटात घालून चिकटवला. मग स्वतःच उठून पोस्टात टाकून आला.


३ फेब्रुवारी

काही नाही. पोस्टमन रोज समोरून जातो.


१० फेब्रुवारी

उत्तर आलं! धडकेच्या नुकसानीतला काही भाग देतील, 'विशेष बाब म्हणून'. पूर्ण नाही. इंजिनाचं काहीच नाही. पण दारं पार बंद नाहीत. खरं लिहिलं म्हणून मिळालं की नुसतं लिहिलं म्हणून, देव जाणे.

इंजिन मालेगावचा मिस्त्री उघडून करून देतो म्हणाला. त्यासाठी बचत गटातून उचलीन. गटातल्या बायांनी एकही प्रश्न विचारला नाही. गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "पन आता पाटी पिवळी कर माय."

करते आहे! अर्ज आणला. ज्या परमिट-फिटनेसला रुचिकानं तीन वर्षांपूर्वी एवढं भेव दाखवलं, ते चार फॉर्म आणि पाच-सहा चकरा आहेत. बास.


१५ फेब्रुवारी

आरटीओच्या दारात रुचिका दिसली. कोणाचे तरी कागद घेऊन आली होती. मला पाहून थांबली. मला वाटलं येईल, काहीतरी बोलेल. मी थांबलेही. तिनं मोबाइल कानाला लावला आणि गाड्यांच्या मागून निघून गेली. मोबाइलचा पडदा बंद होता. दिसला मला.


२२ फेब्रुवारी

पवनभाऊजींच्या मुलीचा साखरपुडा. हरीओम आणि सासूबाई गेले. मला बोलावणं नव्हतं. म्हणजे घराला होतं, माझं नाव घेतलं नव्हतं. मी एकटी घरात. मांडव मागच्याच गल्लीत. बँड, हसणं, ताटांचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. हरीओमनं येताना डब्यात जेवण आणलं. नाही जेवले.

मला अजूनही वाटतं, बोलले ते बरोबर बोलले. तरी साखरपुड्याला त्या पोरीच्या हातावर मेंदी मीच काढणार होते. गेल्या वर्षीच ठरलं होतं तिचं माझं.


१ मार्च

गाडी घरी आली. इंजिन गुपचूप चालतंय. पाटी पिवळी! काळे आकडे. पाची जणींना फोन केला. चौघी हो म्हणाल्या. ललिताबाई म्हणाल्या, "आधी पॉलिसी दाखव." मग दोघी हसलो.

नवा विमा दुसऱ्या कंपनीचा. यावेळी फॉर्म मी भरला. 'वापर' या रकान्यात लिहिलं — प्रवासी, भाड्यानं. इंजिनाचं कव्हर घेतलं. गाडीत बसणाऱ्यांचं घेतलं. तिथल्या माणसाला मी इतकं विचारलं, की तो म्हणाला, "ताई, तुम्ही एजंट आहात का?"

विमा सुरू व्हायच्या आधी त्यांचा माणूस घरी येऊन गाडीचे फोटो काढणार आहे.


४ मार्च

फोटोवाले साहेब आले होते. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. बाहेर सासूबाई त्यांच्याशी बोलत होत्या. आवाज आत येत होता.

"तुमचा एक साहेब पयलेबी आलता. डिसेंबरात. काया शर्टवाला. सून घरी नव्हती. म्या बसवलं, पानी देल्लं. त्यानं इचारलं, आजी, सून काय करते? म्या सगळं सांगतलं. म्हटलं, रोज साडेसातले निघते. पाच बाया नेते, पाची आनते. फुकट नाई, मयन्याचे पैशे घेते! पाऊस असो, थंडी असो, एक दिस खाडा नाई. अख्ख्या मेडशीत अशी सून दाखवा म्हटलं. समदं लेहून घेतलं त्यानं."

गावभर विचारत फिरले. घरात नाही विचारलं.

पवनभाऊजींच्या दारात जायचंय. आजच. काय बोलायचं ते अजून सुचत नाही.

आणि सासूबाई! तीन वर्षांत हे मला एकदाही म्हणाल्या नाहीत.